‘फक्त फॅमिली’ची पाटी आणि बडोद्यातील ती खोली



मालवणहून तारकर्ली आणि पुढे देवबागच्या टोकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या दिसतात. निवास व न्याहारी, होम स्टे, एसी-नॉन एसी, घरगुती मालवणी जेवण, स्कूबा बुकिंग. त्यातल्या बऱ्याच पाट्यांवर खाली एक ओळ असते, ‘फक्त फॅमिलीसाठी’. फॅमिली कोण आणि कोण नाही हे ठरवायचा अधिकार कोणी कोणाला दिला, यावर सध्या आपल्या पोरांमध्ये वाद पेटला आहे. निमित्त समलिंगी जोडप्यांचे. दोन पुरुष किंवा दोन बाया जोडपे म्हणून दारात उभ्या राहिल्या, तर चार खोल्यांच्या छोट्या निवासाच्या मालकाने त्यांना नाही म्हणावे का? आपल्यातलेच काही शिकलेसवरलेले कार्यकर्ते म्हणतात, खुशाल म्हणावे. घर त्याचे, धंदा त्याचा, संस्कृती त्याची. वर आणखी म्हणतात, हा आपला प्रश्नच नव्हे. हे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचे लाड आहेत, आपण आपले अॅट्रॉसिटीचे खटले बघावेत.

या दोन्ही म्हणण्यांना माझा विरोध आहे. पहिले म्हणणे संविधानाच्या विरोधात जाते. दुसरे तर आपण स्वतःच्या पायावर पाडून घेतलेली कुऱ्हाड आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू, कारण हा प्रश्न त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता, भोगलेला होता. परदेशातून शिकून आल्यावर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला ते गेले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो राहायचे कुठे हाच. हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय थारा नव्हता. म्हणून ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले. जागा फक्त पारशांसाठी. रखवालदाराला गिऱ्हाईक हवे होते, बाबासाहेबांना छप्पर. दिवसाला दीड रुपया ठरला, नोंदवहीत पारशी नाव लिहायचे ठरले आणि कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने वरच्या मजल्यावरच्या अडगळीत राहू लागला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर बघून घेऊ. मग ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्राला वाईट वाटले, पण तो म्हणाला की तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायको गावाहून यायची आहे, तिला विचारावे लागेल, असे सांगून वाट दाखवली. कामाठी बागेत तास न् तास बसून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते शेवटपर्यंत वाचले आहे, हा वेगळा विषय.

आता तारकर्लीला या. दोन तरुण कोल्हापूरहून बाईकवर येतात, एक खोली मागतात. मालक ओळखपत्राची झेरॉक्स घेतो, चावी देतो. दोघे एकाच खोलीत, अनेकदा एकाच पलंगावर झोपतात. कोणाची संस्कृती बुडत नाही. याच दोघांनी ‘आम्ही जोडीदार आहोत’ एवढे एक वाक्य बोलायचा अवकाश, खोली फुल्ल होते. खोली तीच, पलंग तोच, पैसे तेच, माणसे तीच. बदलले काय? खरे बोलले गेले. म्हणजे मालकाची हरकत दोन पुरुषांनी एका खोलीत राहण्याला नाही, ते कोण आहेत हे सांगण्याला आहे. खोटे बोला, मित्र म्हणा, चुलतभाऊ म्हणा, आणि राहा. बडोद्याच्या नोंदवहीत पारशी नाव लिहायला लावणारा व्यवहार याहून वेगळा होता का?

आणि नकार देणारा तोंडावर काय सांगतो तेही ऐकण्यासारखे आहे. देवबागच्या बाजूला खोल्या चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाशी मी या विषयावर तासभर बोललो. माणूस चांगला, मनाने मोकळा, आपल्या जयंतीला वर्गणी देणारा. तो म्हणाला, “माका कायेक नाय हो. पन वाडीतले लोक काय म्हनतले? दुसरी फॅमिली इली तर ती रवतली काय?” मला त्या क्षणी बडोद्याचा तो हिंदू मित्र आठवला. त्यालाही स्वतःला काही नव्हते, नोकर निघून जातील एवढीच काळजी होती. आपल्या देशात भेदभाव करणारा माणूस कधी सापडतच नाही. तो नेहमी शेजारच्या घरात राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्यावर तुटून पडाल. समलिंगी माणसाचे दुःख आणि अस्पृश्यता एकच आहेत असे मी म्हणत नाही. जात आईच्या पोटातून अख्ख्या वस्तीला मिळते. तिच्यात जमीन आहे, मजुरी आहे, पाणवठा आहे, पिढ्यान् पिढ्यांची लूट आहे. सवर्ण समलिंगी माणूस सवर्णच असतो, आणि तो भाडेकरू ठेवताना आपले आडनाव विचारू शकतो. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली होती. देशभर कौतुक झाले. जाहिरातीत जातीची अट नाही असे लिहिले होते, आणि लगेच अय्यर असल्यास प्राधान्य असेही. त्यांच्या चळवळीतले हे ब्राह्मण्य आपण सोडू नये, तोंडावर सांगावे, आणि सांगितलेही आहे. पण त्यांच्यातल्या एकाचे ब्राह्मण्य दिसले म्हणून धर्मशाळेचे दार बंद करणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे, हे कुठले आंबेडकरवादी तर्कशास्त्र?

आता कायदा. घर माझे, मर्जी माझी, या म्हणण्याचे उत्तर बाबासाहेबांनी संविधान सभेतच देऊन ठेवले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या कलम १५ वर चर्चा चालू होती. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात होते. सभासदांनी विचारले, ‘दुकान’ म्हणजे नक्की काय? लाँड्री येते का, न्हावी येतो का? बाबासाहेबांचे उत्तर असे होते की दुकान हा शब्द सर्वांत व्यापक अर्थाने घ्यायचा. सेवा मागायला येईल त्याला सेवा द्यायला जो तयार बसला आहे, त्याची ती जागा म्हणजे दुकान. डॉक्टरचा दवाखानाही त्यात आला, वकिलाची कचेरीही आली. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या याच भाषणाचा आधार घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थाही या कलमाच्या कक्षेत आणली.

हे कलम १५(२) नीट समजून घ्या, कारण मूलभूत हक्कांत असे कलम फार थोडे आहे. बाकीचे बहुतेक हक्क सरकारविरुद्ध आहेत. हे आणि कलम १७ थेट खासगी माणसाला बांधतात, दुकानदाराला, खानावळवाल्याला, लॉजवाल्याला. कारण बाबासाहेबांना पक्के माहीत होते की आपल्याला कलेक्टरपेक्षा जास्त वेळा चहावाल्याने, न्हाव्याने आणि धर्मशाळेच्या रखवालदारानेच हाकलले आहे.

त्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान असे पाच आधार आहेत. समलैंगिकता हा शब्द नाही. मग ती कुठून आली? २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या निकालात सांगितले की लैंगिक कल हा ‘लिंग’ या आधाराला समांतर आहे, आणि कलम १५(२) खासगी व्यक्तींनाही लागू आहे. तो निकाल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. मग ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम ३७७ चा तो भाग एकमताने रद्द केला, आणि न्या. चंद्रचूड व न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपापल्या निकालपत्रांत कलम १५ मधले ‘लिंग’ लैंगिक कलालाही कवेत घेते असे मांडले. साधे करून सांगतो. मालक एका पुरुषाला त्याच्या बाईसोबत खोली देतो आणि त्याच पुरुषाला पुरुषासोबत देत नाही. त्याने कशावरून ठरवले? जोडीदाराच्या लिंगावरून. याला लिंगभेद नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

त्या निकालात शब्द कोणाचा वापरला आहे, ठाऊक आहे ना? संवैधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सभागृहाला बजावले होते की ही नैतिकता उपजत नसते, ती रुजवावी लागते. आणि आज त्यांचेच अनुयायी म्हणवणारे गावाच्या नैतिकतेचे वकीलपत्र घेऊन उभे आहेत!

कायद्यात पोकळी आहे हे मात्र खरे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ ‘हॉटेल’च्या व्याख्येत बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊस यांना नाव घेऊन धरतो आणि प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवतो, पण तो अस्पृश्यतेच्या कारणापुरता. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा निवासात भेदभाव करायला मनाई करतो. पण तो ट्रान्सजेंडर व्यक्तींपुरता. दोन समलिंगी पुरुषांना दारातून परत पाठवले तर त्यांनी पोलीस ठाण्यात कोणते कलम सांगायचे? संविधानाचे १५(२) हातात घेऊन उच्च न्यायालयात जा, एवढाच मार्ग. २०२३ च्या सुप्रियो निकालाने त्यांना लग्नाचा हक्कही नाकारला. एकत्र राहण्याचा हक्क मात्र कोणी नाकारलेला नाही. म्हणून सर्व आधार एकत्र घेणारा भेदभावविरोधी कायदा हवा. शशी थरूर यांनी २०१७ साली तसे खासगी विधेयक लोकसभेत आणले होते, त्यात जातही होती आणि लैंगिक कलही. ते तसेच विरून गेले. आपल्या किती पक्षांनी, किती गटांनी त्याच्यासाठी एक मोर्चा काढला?

आता छोट्या मालकाचा मुद्दा घेऊ, कारण सगळ्यात भावनिक मुद्दा तोच. मोठे रिसॉर्ट वेगळे, हे तर राहते घर आहे, बाजूला देवघर, मागे चूल, अंगणात नातवंडे. त्याला तरी सूट द्या! अमेरिकेत अशी सूट आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल-मोटेलांत काळ्या माणसांना प्रवेश नाकारणे बंद केले. अटलांटातले २१६ खोल्यांचे एक मोटेल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. पण मालक स्वतः राहतो आणि भाड्याच्या खोल्या पाच किंवा त्याहून कमी आहेत, अशा घराला कायद्यातून वगळले गेले. तिथे या सवलतीला ‘मिसेस मर्फी’ म्हणतात. मर्फी नावाची काल्पनिक विधवा, बिचारी, घर चालवण्यासाठी खोल्या देते, तिच्यावर सक्ती कशी करायची? त्या आधीची कितीतरी वर्षे काळा माणूस कुटुंब घेऊन निघाला की कुठे थांबता येईल आणि कुठे नाही हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ गाडीत ठेवत असे. १९३६ पासून ते पुस्तक निघत होते. मोठ्या हॉटेलांइतकीच या छोट्या, घरगुती, सोज्वळ मिसेस मर्फींचीही दारे त्याला बंद असत.

आपल्या संविधानात मिसेस मर्फी नाही. पाच खोल्या की पन्नास, असा प्रश्न कलम १५(२) विचारत नाही. आपल्याकडे ही सूट दिली तर उरते काय? भारतातली अस्पृश्यता कधी कॉर्पोरेट नव्हती. ती घरगुतीच होती. ओट्यावरची, पाण्याच्या माठावरची, वेगळ्या कपबशीची. ज्या देशात भेदभाव घराच्या उंबऱ्यावर बसतो तिथे उंबऱ्याला सूट देणे म्हणजे भेदभावालाच सूट देणे.

आणि खासगीपणाचा हा दावाही जुना आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. बोले भंडारी समाजाचे पुढारी. या किनाऱ्यावर आज खोल्या चालवणाऱ्या भंडारी बांधवांनी आपल्या या पूर्वजाची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते. त्या ठरावाच्या आधारावर महाडचा सत्याग्रह झाला, आणि मग सवर्ण कोर्टात काय म्हणाले? चवदार तळे खासगी मालकीचे आहे, स्पृश्यांच्याच वापराचे आहे! १९३७ पर्यंत तो दावा चालला आणि उच्च न्यायालयात फेटाळला गेला. पाणी अडवायचे तर आधी तळे खासगी करायचे. खोली अडवायची तर आधी धंद्याला घर म्हणायचे.

घर घर म्हणता, तर तेही तपासू. रस्त्यावर पाटी लावली, बुकिंगच्या अॅपवर फोटो टाकले, निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली, त्या क्षणी ती खोली बाजारात आली. चूल तुमची, देवघर तुमचे, तिथे कोणी पाय ठेवू नये हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. भाड्याच्या खोलीवर मात्र आता संविधान लागू आहे. शिवाय हा धंदा एकट्या मालकाच्या घामावर उभा नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. जेट्टी, रस्ते, तारकर्लीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र, सगळे जनतेच्या पैशातून. आणि समुद्रकिनारा तर कोणाच्याच बापाचा नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या मच्छीमार आणि स्थानिक समाजांना आहे त्या घरात होम स्टे चालवायची खास मुभा दिली. ही मुभा योग्यच आहे, आणि उद्या ती काढायला कोणी आले तर मालकांच्या बाजूने आपणही उभे राहू. पण मुभा मागताना आम्ही स्थानिक जनता, आणि पाहुणा नाकारताना हे आमचे खासगी घर, अशी दोन तोंडे चालणार नाहीत.

दुसरी पळवाट अशी की आम्ही समलिंगी म्हणून नाकारत नाही, लग्न न झालेल्या सगळ्यांनाच नाकारतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल नावाचा आपल्या कोकणासारखाच किनाऱ्यावरचा पर्यटन भाग आहे. तिथल्या एका छोट्या हॉटेलच्या धार्मिक वृत्तीच्या मालक नवरा-बायकोने २००८ साली दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली. बचाव हाच होता. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. हा थेट भेदभाव की अप्रत्यक्ष यावर पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन असा मतभेद होता. भेदभाव आहे यावर नव्हता. ज्यांना कायद्याने लग्नच करता येत नाही त्यांना लग्नाचा दाखला मागणे म्हणजे नाव घेऊन नकार देणेच आहे. आपल्याकडे तर लग्नाची अटही कायद्यात कुठे नाही. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोईमतूरच्या एका निवासाला ठोकलेले सील काढायला लावले. अविवाहित स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या खोलीत राहण्यावर बंदी घालणारा कायदा दाखवा, असे त्या निकालाचे सार. तरीही २०२५ च्या जानेवारीत ओयोने मेरठमध्ये नात्याचा पुरावा मागायला सुरुवात केली.

आणि इथे, मित्रांनो, हा प्रश्न आपल्या दारात येतो. नात्याचा पुरावा मागणारा माणूस सगळ्यात आधी कोणाला पकडतो? आंतरजातीय जोडप्याला. आपला पोरगा आणि वरच्या जातीची मुलगी, आडनावे वेगळी, गळ्यात मंगळसूत्र नाही. ‘लोकल आयडी चालणार नाही’ ही पाटी कोणासाठी आहे असे वाटते? पळून आलेल्या पोरांसाठी रात्रीची एक खोली म्हणजे पर्यटन नसते, जीव वाचवणे असते. सोनई आणि खर्डा विसरलात? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारायला सांगितले, कारण गावभर त्यांना दार उघडणारे कोणी नसते. नेमकी हीच गत घरातून पळालेल्या दोन मुलींची होते. मदुराईच्या अशा दोघी चेन्नईला आल्या, मागून घरच्यांनी बेपत्ताची तक्रार केली, पोलीस पाठीमागे लागले आणि २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाला पोलिसांना आवरावे लागले.

हा योगायोग नाही. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातीचे मर्म एका गोष्टीत पकडले, ते म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचे तर कोणी कोणासोबत झोपावे यावर पहारा ठेवावा लागतो. विधवेवर पहारा, तरुण मुलीवर पहारा, जातीबाहेर प्रेम करणाऱ्यावर पहारा. जातीसाठी मूल न जन्माला घालणारे प्रेम तर या व्यवस्थेला कळतच नाही. लॉजच्या काउंटरवर बसून ‘फॅमिली आहे का’ विचारणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, जातीच्या चौकीवर बसलेला असतो. त्या चौकीवरून आपल्याला सोडा आणि त्यांना अडवा, अशी मागणी करता येत नाही. चौकी राहिली तर आपणही अडणार.

मी स्वतः शिबिरांच्या निमित्ताने या किनाऱ्यावर फिरतो. खोलीसाठी फोन केला की नाव विचारतात, ते ठीक. कोकणात जाधव, कदम, पवार ही आडनावे आपल्यातही आहेत आणि मराठ्यांतही, त्यामुळे आडनावावरून अंदाज लागत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, “गाव खंयचो?” आणि त्याच्यापुढचा, “वाडी खंयची?” बौद्धवाडी म्हटले की कधी कधी खोली अचानक बुक झालेली असते. हा अनुभव मला एकदा नाही, तीनदा आला. त्या मालकांपैकी कोणीही जातीचे नाव काढले नाही. उद्या कायद्याने किंवा आपल्या मूक संमतीने ‘मालकाला पटेल तोच पाहुणा’ हे तत्त्व मान्य झाले, तर वाडी विचारणाऱ्याला आणखी काय हवे? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. त्याच वाटेने आज शाकाहारी सोसायट्या उभ्या आहेत, आणि तिथे आपल्याला घर का मिळत नाही हे सांगायला मटणाचे नाव पुढे करतात. निवड करण्याचा हक्क एकदा मालकाला दिला की तो कुठे थांबेल हे तुम्ही ठरवत नसता.

आपला प्रश्न नाही म्हणणाऱ्यांनी १९३४ सालही आठवावे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी लैंगिक बाबींवर विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे हा गुन्हा होता, आणि त्यात समलैंगिकतेचाही विषय होता. त्या काळच्या मुंबईत या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे बदनामी ओढवून घेणे. बाबासाहेबांनी ते घेतले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा गाजवलेल्या, पुणे कराराच्या जखमा ताज्या असलेल्या बाबासाहेबांना तेव्हा दुसरे काम नव्हते असे कोणाला म्हणायचे आहे का?

कोणी पंचशीलातले तिसरे शील पुढे करतात. कामवासनेतला मिथ्याचार. बाबांनो, शील प्रत्येकजण स्वतःसाठी घेतो. फसवणूक करू नये, जबरदस्ती करू नये, दुसऱ्याचा संसार मोडू नये, हा त्याचा सरळ अर्थ. दोन प्रौढ माणसांच्या संमतीच्या सोबतीत यातले काय आहे? आणि असते तरी शील हे पाहुण्याच्या पाठीत घालायचे दांडके नव्हे. संस्कृतीबद्दल तर बोलायलाच नको. ज्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारातल्या पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीपात्रावर गाव पहाटेपर्यंत जीव टाकतो, तिथली संस्कृती एका खोलीच्या चावीने कोसळेल इतकी लेचीपेची नाही.

मालकाचे काय अधिकार आहेत, ते त्याच्याकडेच राहावेत. ओळखपत्र मागावे, नोंदवही ठेवावी. दारू पिऊन धिंगाणा घातला तर हाकलावे, भाडे आगाऊ घ्यावे, रात्री दहानंतर आवाज नको म्हणावे. हे नियम माणसाच्या वागण्याला लागू होतात आणि सगळ्यांना सारखे लागू होतात. माणूस कोण आहे, यावर नियम करता येत नाही.

आणि त्या माझ्या देवबागच्या मित्राची भीती खोटी नाही, हेही लिहिले पाहिजे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या, चाळीसच्या आसपास जोडप्यांना उचलून नेले. खोली देणाऱ्या बाईला उद्या पोलीस येतील, ग्रामपंचायतीत कोणी तक्रार करील, अॅपवर कोणी घाण अभिप्राय लिहील, ही धास्ती असते. नवरा बोटीवर, मुले शाळेत, हप्ते चालू. तिला शत्रू ठरवून आपल्याला काही मिळायचे नाही. तिच्या पाठीशी कायदा आहे हे तिला सांगणारे कोणी नाही, आणि ते काम आपले आहे.

म्हणून सिंधुदुर्ग जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. निवास व न्याहारी योजनेच्या नोंदणीत जात, धर्म, लिंग, लैंगिक कल आणि वैवाहिक स्थिती यावरून प्रवेश नाकारणार नाही असे हमीपत्र घ्यावे. सज्ञान व्यक्तींनी एकत्र राहणे हा गुन्हा नाही आणि खोली देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे पत्र पोलिसांनी प्रत्येक नोंदणीकृत निवासाला लेखी द्यावे. आणि बौद्धवाड्यांतल्या ज्या घरांना खोल्या सुरू करायच्या आहेत त्यांना नोंदणी आणि कर्ज मिळण्यातली अडवणूक थांबवावी. पर्यटन जिल्हा होऊन इतकी वर्षे झाली, किनाऱ्यावरच्या पाट्यांत आपल्या माणसांच्या पाट्या किती आहेत ते एकदा मोजून बघा. मालवण, वेंगुर्ले आणि देवगड तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी मसुदा मागवून घ्यावा, आपापल्या शाखेत वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात. ओरोसला निवेदन द्यायला येताना आपल्या गावातल्या ‘फक्त फॅमिली’ आणि ‘लोकल आयडी चालणार नाही’ अशा पाट्यांचे फोटो, मालकाचे नाव आणि फोन नंबर झाकून, सोबत आणावेत. ते निवेदनाला जोडायचे आहेत.